चारशे पंधरा व्होल्ट

लुंबिनी सोनकांबळे कुठल्याही खोलीत शिरली की आधी छताकडे बघायची. कुणी खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास हातात दिला, तरी तिची नजर पंख्यावर. नांदेडात तरोडा नाक्याजवळ तिचं छोटं ऑफिस होतं. दवाखाने, शीतगृहं, मंगल कार्यालयं यांच्या वीजजोडणीची आखणी ती करून द्यायची. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिची ही सवय ठाऊक होती. कुणी कारण विचारलं तर ती सांगायची.

ती मूळची अहमदपूरची. आई कोंडाबाई मोंढ्यात धान्य निवडायला जायची. लुंबिनी सातवीत असताना एका उन्हाळी दुपारी एकटीच घरात अभ्यास करत बसली होती. डोक्यावरचा पंखा आपोआप जोरात फिरायला लागला. बरं वाटलं तिला. मग तो घोंघावायला लागला, आढ्याचा हूक करकरला, आणि दिवसाढवळ्या चालू राहिलेला बल्ब पांढराफेक पडून फुटला. ती बाहेर पळाली तर अर्धी गल्ली बाहेर आलेली. कुणाच्या टीव्हीतून धूर, कुणाचा रेडिओ वितळलेला. पलीकडच्या ओळीतल्या घरांत मात्र बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखे मिणमिणत होते.

खांबावर चढलेल्या लाईनमनने वरूनच सांगितलं, "न्यूट्रल तुटलाय!"

संध्याकाळी आई आली. तिने पोरीच्या केसांतले काचेचे तुकडे एकेक करून काढले आणि विचारलं, "तार तुटली तर लाईट जायाला पाहिजे. वाढली कशी?"

त्या प्रश्नाचं उत्तर लुंबिनीला नांदेडच्या कॉलेजात मिळालं. तीन फेजच्या तीन तारा येतात आणि चौथी तार, न्यूट्रल, तिघींना आपापल्या जागी धरून ठेवते. ती आहे तोवर प्रत्येक घराला दोनशे तीस व्होल्ट मिळतात. ती तुटली की तिन्ही तारांवरची घरं एकमेकांना ओढायला लागतात, कारण दोन फेजांच्या मध्ये चारशे पंधरा व्होल्ट असतात. ज्याच्याकडे विजेचा वापर जास्त, त्याच्याकडे विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी होतो. ज्याच्याकडे कमी, त्याच्या वाट्याला नको तेवढा येतो, आणि त्याचंच जळतं.

लातूरच्या मालविका पिंगळीकर तिच्याकडे आल्या तेव्हा लुंबिनीला या कामात पंधराएक वर्षं झाली होती. मालविका पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरी परतलेल्या. बोलायला गोड, डोक्याने तल्लख. एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या तेल गिरणीच्या शेडमध्ये त्यांनी डेटा सेंटर उभं केलं होतं. लातूर, उदगीर, निलंग्याच्या दवाखान्यांचे एक्स-रे, सोनोग्राफी, रुग्णांच्या नोंदी, सगळं तिथल्या सर्व्हरमध्ये साठवलं जायचं. कपाटासारख्या उंच लोखंडी रॅकमध्ये सर्व्हर एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक रॅकला साधी दोनशे तीसची लाईन.

आता एक नवी कंपनी तिथे यंत्रं ठेवायला तयार झाली होती. एक्स-रे वाचून आजार ओळखणारी यंत्रं. त्यांची भूक मोठी होती.

"एका रॅकला पंधरा किलोवॅट," मालविका म्हणाल्या. "जुन्याच्या तिप्पट. लुंबिनीताई, मला एवढंच सांगा, दोनशे तीस ठेवायचं की चारशे पंधरा?"

शेडमधल्या ऑपरेटरच्या खोलीत हे बोलणं चाललं होतं. दाराशी संगप्पा उभे होते. उदगीरचे. कपाळाला विभूती, पिकलेल्या मिशा. आधी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर काम केलेलं, आता इथले मुख्य वायरमन. लुंबिनीच्या तीन-चार कामांवर ते आधीही होते आणि ती त्यांना मामा म्हणायची.

"मी बोलू का म्याडम?" संगप्पा म्हणाले. "एक्स्चेंजला अठ्ठेचाळीस व्होल्ट डीसी होतं. हात लागला तरी मानूस जगतंय. तसंच ठेवा की."

"मामा, अठ्ठेचाळीसवर पंधरा किलोवॅट न्यायचे तर एका रॅकला तीनशेच्या वर अँपिअर लागतील. मनगटाएवढ्या तांब्याच्या पट्ट्या टाकाव्या लागतील सगळीकडे. आणि तापतील त्या."

"आन् दोनशे तीसला?"

"पासष्ट अँपिअर. केबल जाड, रॅकमागची जागा भरून जाईल, थंड हवा फिरणार नाही. तीन फेज रॅकपर्यंत नेली तर एका तारेत बावीसेकच अँपिअर. रॅकमागच्या सॉकेटच्या पट्टीत ती वाटली जाईल आणि सर्व्हरला दोनशे तीसच मिळतील."

"म्हणजे चारशे पंधरा," मालविका म्हणाल्या.

"हिशेबाने तेच येतंय."

एवढं बोलून लुंबिनी थांबली. हिशेबात चूक नव्हती. पण आजवर चारशे पंधरा व्होल्ट त्या शेडच्या मुख्य पॅनेलमध्ये कुलुपात होते. आता ते माणसाच्या हाताच्या उंचीवर, रॅकच्या पाठीमागे, दोन ओळींमधल्या अरुंद बोळात येणार होते. आणि प्रत्येक रॅक त्या चौथ्या तारेच्या भरवशावर उभा राहणार होता.

तिने आठवडाभर उत्तर दिलं नाही. नवरा धम्मानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जेवताना त्याने विचारलं, "एवढं काय अडलंय?"

"अडलं नाही. बरोबरच आहे ते," ती म्हणाली. "म्हणूनच जिवाला लागलंय. चूक असतं तर नाही म्हटलं असतं."

शेवटी तिने होकार कळवला, पण दोन अटी घातल्या. न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक चालणार नाही. आणि यूपीएसकडून येणारी लाईन जिथून रॅकांना वाटली जाते त्या पॅनेलमध्ये न्यूट्रलवर पहारा ठेवणारी रिले बसवायची. न्यूट्रल जागचा हलला की अर्ध्या सेकंदात सगळा हॉल बंद. मालविकांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि शब्दाप्रमाणे पाळल्या.

संगप्पांनी काम असं केलं की कुणी बोट ठेवू नये. केबलच्या ओळी विणलेल्या वेणीसारख्या. नवी यंत्रं सुरू झाली त्या दिवशी मालविकांनी पेढे वाटले. लुंबिनी हॉलमध्ये उभी राहिली. आधी तिथे पंख्यांची नुसती सळसळ असायची. आता खाली एक जाड, घुमणारा सूर होता, दारावर हात ठेवला तर तळव्याला जाणवणारा.

"कसं वाटतंय मामा?" तिने विचारलं.

संगप्पा जरा वेळ ऐकत राहिले. "दोनशे तीस झटका देतंय, शिव्या देतंय, पर सोडतंय," ते म्हणाले. "हे बोलत न्हाई. आपल्याला बघून राहिलंय नुसतं."

ती हसली, पण परतीच्या एसटीत ते वाक्य तिच्याबरोबर नांदेडपर्यंत आलं.

वर्षभर काही झालं नाही. नवी यंत्रं वाढत गेली. घाईघाईत जोडणाऱ्यांनी ती बहुतेक एकाच फेजवर टाकली, कारण त्या फेजच्या सॉकेट जवळ होत्या. लुंबिनीने आक्षेप घेतला. यंत्रवाल्यांनी पुढच्या खेपेला बदलू म्हणून सांगितलं. तिन्ही फेजांवर भार सारखा असला तर न्यूट्रल जवळपास रिकामा राहतो. आता तो दिवसरात्र राबायला लागला.

मग एका दुपारी रिले ट्रिप झाली. हॉल गपकन बंद. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. लुंबिनी नांदेडहून धावत आली, मीटर लावून प्रत्येक ठिकाण मोजलं. सगळं जिथल्या तिथे. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा दुपारी, आणि पुन्हा काही सापडलं नाही. फक्त पॅनेलच्या मागचं झाकण उघडून न्यूट्रलचा मुख्य जोड बघता आला नाही. त्यासाठी हॉल बंद करावा लागला असता, आणि तो आधीच बराच वेळ बंद राहिला होता.

मालविका चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लुंबिनीला नंतर वाटायचं. त्या थकलेल्या होत्या.

"ताई, उदगीरला एका बाईचं ऑपरेशन थांबलं. डॉक्टरांना तिचा सीटी स्कॅन दिसेना. ही रिले काही नसताना ओरडतेय. तिला थोडा दम धरायला सांगता येतं का?"

"येतं. पण मग खरंच काही झालं तरी ती तेवढा वेळ थांबेल."

"किती वेळ?"

"दहा सेकंद लावता येतील. पण शटडाऊन घेऊन जोड बघेपर्यंतच. पंधरा दिवस. त्याच्या पुढे नाही."

"पंधरा दिवसांत शटडाऊन देते," मालविका म्हणाल्या.

लुंबिनीने पॅनेलचं दार उघडलं आणि स्वतःच्या बोटांनी रिलेवरचा आकडा बदलला. संगप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते.

पंधरा दिवसांनी कुठल्याशा क्लासची मोठी सराव परीक्षा त्याच सर्व्हरवर होती. शटडाऊन पुढे गेला. त्यानंतर एका दवाखान्याची तपासणी निघाली. मग लग्नसराई आली आणि हॉलमध्ये माणसंच नव्हती. दर वेळी कारण खरं असायचं. लुंबिनी फोन करायची, मालविका "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणायच्या, आणि दोघींनाही एकमेकींचा आवाज ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं. रिले मात्र त्यानंतर एकदाही ट्रिप झाली नाही. ऑपरेटर म्हणायचे, आता बरी झाली. लुंबिनीला त्या शांततेचीच भीती वाटत होती. काही नसताना ओरडणारी रिले दम धरल्यावर गप्प होते. पण काही असल्यामुळे ओरडणारीसुद्धा तशीच गप्प होते.

एकदा संगप्पांचा फोन आला. "म्याडम, पॅनेलच्या मागं हात धरला तर ऊब लागून राहिलीय. लई न्हाई. चहाच्या कपाएवढी."

"मी येतेय मामा. पॅनेलला हात लावू नका. आणि मालविकाताईंना सांगा, आता विचारायला नाही, बंद करायलाच येतेय म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोहोचली तेव्हा मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मालविका तयार होत्या. दुपारची ओपीडी संपली की हॉल बंद करायचा, असं ठरलं. दवाखान्यांना निरोप गेले. तोवर जुन्या ओळीच्या मागे तात्पुरती केबल ओढून ठेवतो, म्हणून संगप्पा आत गेले. जुन्या ओळीत सुरुवातीच्या दिवसांतले सर्व्हर होते, वीज कमी खाणारे, तिन्ही गावांच्या जुन्या नोंदी सांभाळणारे.

लुंबिनी ऑपरेटरच्या खोलीत मालविकांच्या समोर बसली. चहा आला. ती कपाकडे हात नेणार तोच तिने वर बघितलं. खोलीतला पंखा यूपीएसच्या लाईनवर होता. त्याची पाती दिसेनाशी झाली होती. एक बारीक घोंघाव सुरू झाला होता, आणि तो चढत होता.

"मामा!" ती ओरडली. "बाहेर या!"

काचेपलीकडे घुमणाऱ्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. दाराजवळच्या भिंतीवर सगळा हॉल तोडणारं लाल बटण होतं. ती धावली. खुर्ची आडवी आली, ती अडखळली, पुन्हा उठली. आत फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज सुरू झाला. एकामागून एक, जुन्या ओळीतून. तिने बटणावर मूठ हाणली. त्याच क्षणी, की त्याच्या जरा आधी, सगळं बंद पडलं. बटणाने तोडलं की रिलेचे दहा सेकंद भरले, हे पुढे कुणालाच ठरवता आलं नाही.

आपत्कालीन दिव्याच्या उजेडात हॉल पांढऱ्या धुराने भरलेला दिसत होता. भार वाहणारी नवी यंत्रं दाब उतरल्यावर मुकाट्याने झोपी गेली होती, त्यांना ओरखडाही नव्हता. जुन्या ओळीतल्या सर्व्हरचे पॉवर सप्लाय फुटले होते. लुंबिनी नाकाला ओढणी बांधून आत शिरली. तिच्या मागोमाग मालविका. संगप्पा बोळात गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही हात चेहऱ्यावर.

"दिसून न्हाई राहिलं," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "डावीकडं कायबी न्हाई."

दोघींनी त्यांना उचलून मालविकांच्या गाडीत घातलं. दवाखान्यात नर्सने नाव विचारलं आणि कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने हात मागे घेतले.

"जुना पेशंट असला तरी आत्ता काही दिसणार नाही. सकाळपासून चालू होतं, आत्ताच बंद पडलंय. यांना शुगर आहे का? कुठल्या औषधाची रिॲक्शन?"

कुणालाच माहीत नव्हतं. संगप्पांना धड बोलता येत नव्हतं, धूर छातीत उतरला होता. त्यांची सगळी माहिती त्याच दवाखान्याने नोंदवून ठेवलेली होती, आणि ती ज्या सर्व्हरमध्ये होती तो त्यांच्याच चेहऱ्यासमोर फुटला होता. मालविका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. उदगीरला बसम्मांना, म्हणजे संगप्पांच्या बायकोला, फोन लागेपर्यंत डॉक्टर अंदाजानेच औषधं देत राहिले.

संगप्पा वाचले. डावा डोळा गेला.

पॅनेलचं मागचं झाकण उघडलं तेव्हा न्यूट्रलचा मुख्य जोड कोळशासारखा काळा निघाला. तापून-निवून नट सैल झाला होता. रिले दोन्ही वेळेला खरं बोलली होती. काही दवाखान्यांच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नोंदींची दुसरी प्रत अपुरी निघाली. त्या कायमच्या गेल्या. कुणाच्या पहिल्या बाळाची सोनोग्राफी, कुणाच्या गाठीचा पहिला फोटो. कुणाकुणाचं काय गेलं ते कधी नीट कळणारही नाही.

चौकशीला विमा कंपनीचे दोन अधिकारी आले. त्यांनी विचारलं, रिलेचे अर्ध्या सेकंदाचे दहा सेकंद कुणी केले?

"मी केले," लुंबिनी म्हणाली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

लुंबिनीने मालविकांकडे बघितलं. मालविका टेबलाकडे बघत होत्या.

"आकडा मी बदलला," लुंबिनी म्हणाली. "इंजिनिअर मी आहे."

जिन्यात मालविकांनी तिला गाठलं. "मी बोलायला हवं होतं."

"हं," लुंबिनी म्हणाली आणि उतरायला लागली.

त्यानंतर नांदेडातली कामं कमी झाली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, फोन येईनासे झाले एवढंच. धम्मानंदने एकदा विचारलं, पुन्हा तसा प्रसंग आला तर दोनशे तीस घेशील का? तिने खूप विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही. व्होल्टेज बरोबरच होतं. माझा होकार बरोबर होता. चुकलं ते त्यानंतरचं." पण हे बोलून तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. बरोबर निवडलेल्या गोष्टीलाही रोज कुणीतरी जागं राहून सांभाळावं लागतं, आणि रोज जागं राहणारं कुणी नसतं, हे तिला निवडतानाच कळत होतं.

पावसाळा सरल्यावर ती उदगीरला संगप्पांना भेटायला गेली. बसम्मांनी कानडीत "बर्री, बर्री", या या, म्हणत आत बसवलं, लुंबिनीपुढे पोहे ठेवले आणि नवऱ्याच्या हातात चहाचा कप नीट धरवला. एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं. कप टेकवताना ते आधी बोटाने टेबल चाचपायचे. कामाचा विषय कुणीच काढत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मालविका. लुंबिनीने जरा थांबून उचलला, आणि संगप्पांनी खूण केली म्हणून स्पीकरवर टाकला.

"ताई, नवा हॉल बांधतोय आम्ही. शेजारच्याच शेडमध्ये. पुढची यंत्रं येतायत, एका रॅकला शंभर किलोवॅटच्या वर." मालविकांचा आवाज उत्साही नव्हता. "यंत्रवाले म्हणतायत चारशे पंधरा आता पुरणार नाही. थेट आठशे व्होल्ट डीसी द्या म्हणतात. न्यूट्रलची भानगडच नाही त्यात. हिशेब पाठवलाय. मला तो बरोबर वाटतोय. तुम्हाला काय वाटतं?"

लुंबिनीने मनातल्या मनात मांडणी केली. शंभर किलोवॅट, आठशे व्होल्ट, सव्वाशे अँपिअर. केबल आवाक्यात येत होती.

संगप्पा पुढे झुकले. "डीसी?" ते हळूच म्हणाले. "ते मानसाला धरून ठेवतंय म्याडम. ठिणगी पडली तर इझत न्हाई."

"कोण आहे तिथे?" मालविकांनी विचारलं.

"संगप्पामामा आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वायरिंग कोण करणार आहे?" लुंबिनीने विचारलं.

"हैदराबादची टीम आहे. हुशार आहेत, पण इकडची हवा, इकडची लाईन त्यांना माहीत नाही. आणि ताई..." मालविका थांबल्या. "यंत्रवाल्यांनी तारीख अलीकडे आणलीय. केबल कालच उतरली."

लुंबिनीने संगप्पांकडे बघितलं. त्यांचा उजवा डोळा तिच्यावर होता, आणि तो जा म्हणत नव्हता, की जाऊ नको असंही म्हणत नव्हता. बसम्मा दारात उभ्या राहिल्या होत्या.

"काम थांबवून ठेवा," लुंबिनी म्हणाली. "मी सरळ तिकडेच येते."

"थांबवता येणार नाही हो," मालविका म्हणाल्या. "तुम्ही या."